सोनपाठी सुतार पक्षी आणि वाडींतील मेलेलें झाड

वाडीचा हिशेब मांडतांना बागायतदार फळ देणारीं झाडें मोजतो. जें झाड मेलें तें जमेस धरलें जात नाहीं. तें जागा अडवितें, वादळांत कोणाच्या अंगावर पडेल अशी धास्ती देतें, आणि त्याच्या कुजक्या खोडांत कीड वाढते. म्हणून तें शक्य तितक्या लवकर काढावें, असा उपदेश शेतकीचीं पुस्तकें करीत आलीं आहेत. हा उपदेश चुकीचा नाहीं, परंतु अपुरा आहे. नालासोपाऱ्याच्या पश्चिमेस निर्मळ, गास, वाघोली, भुईगांव, राजोडी, कळंब या गांवांकडे ज्या वाड्या पसरल्या आहेत, त्यांत ज्याचा सारा संसार मेलेल्या किंवा आंतून कुजलेल्या लांकडावर अवलंबून आहे असा एक पक्षी राहतो. तो म्हणजे सोनपाठी सुतार. त्याचा प्रदेश कोणता, तो घरटें कोठें व कसें करतो, त्याच्यापासून वाडीस काय लाभ होतो, आणि मेलेलें झाड केव्हां ठेवावें व केव्हां काढावें, याचा विचार येथें करावयाचा आहे.

पक्ष्याची ओळख

नांवाचा घोटाळा आधीं दूर केला पाहिजे. डोक्यावर पंख्यासारखा तुरा असलेला, अंगणांत व कुरणांत चालत लांब वांकड्या चोंचीनें किडे टिपणारा जो पक्षी आपणांस दिसतो, त्यासच पुष्कळ लोक सुतार म्हणतात. तो हुदहुद होय. तो लांकूड कोरीत नाहीं. तयार भोंक मिळालें तर त्यांत संसार थाटतो. दुसरा घोटाळा तांबटाचा. तांब्याच्या भांड्यावर ठोके पडावेत तसा एकसुरी ‘टुक् टुक्’ आवाज काढणारा हा लहानसा हिरवा पक्षी फांदींत ढोली कोरतो खरा. परंतु त्याचें मुख्य अन्न म्हणजे वड, पिंपळ, उंबर यांचीं फळें.

सोनपाठी सुतार साळुंकीहून थोडा मोठा, सुमारें ११ इंच लांब असतो. पाठ व पंख सोनेरी पिवळे, शेंपटीच्या मुळाजवळचा भाग काळा, पोट पांढुरकें व त्यावर काळ्या खुणा, गळा काळा व त्यावर बारीक पांढरे ठिपके, अशी त्याची ठेवण आहे. नराचें कपाळ व तुरा लाल असतो. मादीचा केवळ मागील तुरा लाल, आणि कपाळ काळें असून त्यावर पांढरे ठिपके असतात. उडतांना तो लाटेप्रमाणें खालींवर होत जातो. त्याचें ओरडणें घोड्याच्या खिंकाळण्यासारखें खडखडीत असतें, आणि एकदां ओळखलें म्हणजे वाडीच्या कोणत्याहि टोंकाकडून आलें तरी चुकत नाहीं. आपल्या पूर्वजांनींहि त्याच्या कुळाची दखल घेतली होती. काष्ठकूट व दार्वाघाट हीं संस्कृत नांवें या पक्ष्यांच्या धंद्यावरूनच पडलीं आहेत.

त्याचीं अवजारें पाहण्यासारखीं आहेत. चोंच पटाशीप्रमाणें सरळ व बळकट. शेंपटीचीं पिसें ताठ. तीं खोडास टेकून तो उभ्या झाडावर बसतो, जणूं तिसरा पायच. पायाचीं बोटें कांहीं पुढें व कांहीं मागें वळलेलीं, त्यामुळें साल घट्ट धरतां येते. जीभ इतकी लांब, कीं तिला आधार देणाऱ्या बारीक हाडांचा पट्टा कवटीच्या मागून वळसा घेऊन वर येतो. सालीखालच्या बिळांत ही जीभ घालून तो अळ्या व मुंग्या ओढून काढतो.

त्याचा प्रदेश

लिनीअस या स्वीडिश शास्त्रज्ञानें १७५८ सालीं या पक्ष्यास जें नांव दिलें त्यांत बंगालचा उल्लेख आहे. परंतु हा कांहीं एकट्या बंगालचा पक्षी नव्हे. हिमालयाच्या दक्षिणेस पाकिस्तानपासून बांगलादेशापर्यंत, पूर्वेस आसाम व मेघालयाच्या पश्चिम भागापर्यंत, आणि दक्षिणेस थेट केरळापर्यंत तो आढळतो. कच्छ व राजस्थानचें वाळवंट येथें तो विरळ आहे. मैदानांत व सुमारें ४,००० फूट उंचीपर्यंतच्या डोंगराळ भागांत त्याची वस्ती असते. नैर्ऋत्येकडील पोटजातीस पक्षितज्ज्ञ सालिम अली यांच्या पत्नी तेहमिना यांचें नांव दिलेलें आहे.

वाचकांनीं येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवावी. हा पक्षी ऋतूप्रमाणें देश बदलणारा नाहीं. हिवाळ्यांत आपल्या खाजणांवर व तळ्यांवर जे पाहुणे पक्षी येतात, त्यांचीं घरटीं दूर देशीं असतात. येथील झाड तुटलें तरी त्यांची वीण थांबत नाहीं. सुताराची स्थिति तशी नाहीं. तो जेथें राहतो तेथेंच पिलें वाढवितो. ज्या वाडींतून ढोली करण्याजोगें लांकूड गेलें, त्या वाडींतून त्याचा वंशहि जाणार.

वसईच्या खाडीपलीकडे साष्टी बेट आहे. तेथील व मुंबईच्या पक्ष्यांची तपशीलवार नोंद सालिम अली व हुमायून अब्दुलअली यांनीं १९३६ ते १९३९ या काळांत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध केली. त्या नोंदीनंतर या किनाऱ्याचें रूप किती पालटलें आहे तें सांगावयास नको. प्राचीन काळीं शूर्पारक या नांवानें बंदर म्हणून ख्याति पावलेलें सोपारें आज रेल्वेच्या दोन्ही अंगांस इमारतींनीं भरून गेलें आहे. २००९ सालीं वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली व २०१४ सालीं पालघर जिल्हा वेगळा झाला. पूर्वेस तुंगारेश्वरचें रान २००३ सालीं अभयारण्य ठरलें. पश्चिमेस वाड्या आहेत. मध्यें मोठें शहर आहे. अशा स्थितींत पश्चिमेकडील सुतारास आसरा म्हणजे बागायतदाराचीच झाडें.

याच कुळांतील एका पक्ष्याचें नांव तर आपल्याच प्रांतावरून पडलें आहे. इंग्रज पक्षितज्ज्ञ जॉन लॅथम यानें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं ज्यास ‘मराठी’ अशा अर्थाचें शास्त्रीय नांव दिलें, तो मराठा सुतार सोनपाठीहून बराच लहान असतो व त्याच्या डोक्याचा वरचा भाग पिवळसर असतो. तो उघड्या माळरानाचा, बाभळीबोरींचा रहिवासी. दमट वाडी व कोरडा माळ हीं दोन्ही ठिकाणें परस्परांहून इतकीं भिन्न असतांहि दोन्ही सुतारांची गरज मात्र एकच आहे: कोरतां येईल असें मेलेलें लांकूड.

घरट्याची रीत

सोनपाठी सुताराच्या विणीचा हंगाम फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत, म्हणजे साधारणतः माघापासून आषाढापर्यंत असतो. नर व मादी दोघेंहि खोड कोरतात. प्रवेशाचें भोंक वाटोळें, सुमारें ३ इंच व्यासाचें असतें. तें प्रथम आडवें आंत जातें व मग खालीं वळून रुंद ढोलीस मिळतें. आंत गवत, कापूस, पिसें असें कांहींहि अंथरलेलें नसतें. अंडीं तशींच लांकडाच्या भुशावर घातलेलीं असतात. बहुधा ३ अंडीं असतात. तीं लांबट, पांढरीं शुभ्र व तकतकीत दिसतात. सुमारें ११ दिवस उबविल्यावर पिलें बाहेर येतात आणि आणखी सुमारें २० दिवसांनीं ढोली सोडून उडतात. म्हणजे पहिल्या अंड्यापासून पिलें उडेपर्यंत जेमतेम पांच आठवडे लागतात. हा आंकडा वाचकांनीं लक्षांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

माडाचें खोड या कामास फार सोईचें असतें. आंबा किंवा शिरीष यांच्या खोडांत मध्यभाग कठीण असतो. माडाचें उलट आहे. त्याचें बाहेरील कवच कठीण व गाभा मऊ असतो. माड मेला म्हणजे गाभा आधीं कुजतो व कवच कांहीं काळ उभें राहतें. सुतारानें एकदां कवच फोडलें, कीं आंत कोरण्याचें काम सोपें होतें, आणि बाहेरची भिंत साप व मांजर यांपासून पिलांचें थोडेंबहुत रक्षण करते. शेंडा गेलेले माड या पक्ष्यास प्रिय असतात, त्याचें कारण हेंच.

‘सुतार चांगला माड पोखरून मारतो’ असा आरोप वाड्यांतून ऐकूं येतो. माडाच्या खोडास झालेली जखम इतर झाडांप्रमाणें भरून येत नाहीं, हें खरें आहे. म्हणून बागायतदाराची काळजी निराधार म्हणतां येणार नाहीं. परंतु निरोगी, टणक खोडावर ढोलीसाठीं श्रम वेंचणें पक्ष्याच्याहि हिताचें नसतें. तो बहुतेक वेळां बुरशीनें आधींच मऊ केलेली जागा निवडतो. उभ्या माडावर त्याची ढोली दिसली, तर तें रोगाचें कारण न समजतां रोगाची सूचना समजावी व त्या माडाची नीट पाहणी करावी, हें शहाणपणाचें होय.

वाडीस लाभ

सुतार हा वाडीचा वैद्य आहे असें लिहिण्याची कांहींजणांस हौस असते. आम्हांस तशी अतिशयोक्ति करावयाची नाहीं. तो झाडांवरील मुंग्या, वाळवी व सालीखालच्या भुंगेऱ्यांच्या अळ्या मोठ्या प्रमाणांत खातो, यांत शंका नाहीं. परंतु जिवंत माडाच्या गाभ्यांत खोल शिरलेली सोंड्याची अळी त्याच्या चोंचीस सहसा लागत नाहीं. भुंग्यांवर उपाय म्हणून केवळ सुतारावर विसंबणारा बागायतदार फसेल.

त्याचा मोठा उपकार दुसराच आहे. लांकूड कोरण्याची शक्ति फार थोड्या पक्ष्यांस असते. ढोलींत राहण्याची गरज मात्र पुष्कळांस असते. सुतारानें सोडलेल्या ढोलींत साळुंक्या, दयाळ, पोपट व पिंगळा हे संसार थाटतात. यांपैकीं पोपट फळांस उपद्रव करतो, हें आम्ही लपवीत नाहीं. परंतु दयाळ व साळुंकी हंगामांत आपल्या पिलांस किडे व अळ्या भरवितात, आणि पिंगळा रात्रीं भुंगे, टोळ व लहान उंदीर मारतो. उंदीर शहाळीं व कोंवळे नारळ किती फुकट घालवितो हें माडाच्या धन्यास सांगण्याची गरज नाहीं. सुताराची एक जोडी अशा रीतीनें अनेकांस घर बांधून देते. ती गेली, कीं एकाच पक्ष्याची संख्या घटते असें नव्हे; ढोलींत राहणाऱ्या सर्वांचा आसरा हळूहळू आटतो.

भुंग्यांची अडचण

आतां दुसरी बाजू पाहूं. माडाचे दोन मोठे शत्रु म्हणजे गेंड्या भुंगा व सोंड्या भुंगा. गेंड्या भुंगा शेंड्यांतील न उमललेल्या पानांत शिरतो. तीं पानें पुढें उमललीं म्हणजे पंख्यासारखीं कातरलेलीं दिसतात. त्याच्या अळ्या शेणखताच्या खड्ड्यांत, कुजक्या ओंडक्यांत व मेलेल्या माडाच्या ओलसर, कुजक्या भागांत वाढतात. सोंड्या भुंगा जखमेच्या जागीं अंडीं घालतो. त्याची अळी जिवंत गाभा खात जाते व खोडावरील लहान छिद्रांतून तांबूस चिकट रस गळूं लागतो. तेव्हां मेलेले माड वाडींत सरसकट उभे ठेवा, असें सांगणें बागायतदाराशीं अप्रामाणिकपणाचें होईल.

परंतु या दोन किडींच्या संवयींतच सुटकेचा मार्ग आहे. सोंड्यास ओला गाभा लागतो. पूर्ण वाळलेल्या खोडांत त्याचें कांहीं उरत नाहीं. गेंड्यास कुजकट ओल लागते. आंबा, पांगारा किंवा शिरीष यांच्या उंच, कोरड्या, वाळलेल्या फांदीचें त्यास फारसें आकर्षण नसतें. शिवाय अंड्यापासून पुरा भुंगा होण्यास गेंड्यास बहुधा चार महिने किंवा अधिक काळ लागतो. सुताराचीं पिलें मात्र पांच आठवड्यांत उडून जातात. म्हणजे पक्ष्यास त्याचा हंगाम देऊनहि किडीचा बंदोबस्त करतां येतो. प्रश्न काय तो वेळेचा व निवडीचा आहे.

परदेशांतील एक धडा

असा विचार वेळीं न केल्यास काय होतें याचें उदाहरण अमेरिकेंत सांपडतें. तेथील विस्तीर्ण गवताळ प्रदेशांत, तुरळक झाडें असलेल्या माळांवर, लाल डोक्याचा सुतार वीण करतो. तोहि मेलेल्या झाडांत व तारायंत्राच्या वाळलेल्या खांबांत ढोली कोरतो. शेतें मोठीं व नेटकीं करतांना मेलेलीं झाडें व बांधावरील जुने वृक्ष काढले गेले; युरोपांतून आणलेल्या मैनेच्या जातीच्या पक्ष्यांनीं उरलेल्या ढोल्या बळकावल्या. इतरहि कारणें आहेत. परंतु १९६६ पासूनच्या नियमित गणनेंत या पक्ष्याची संख्या निम्म्याहून अधिक घटलेली दिसते. एके काळीं तो इतका विपुल होता, कीं फळबागवाले त्यास उपद्रवी समजून मारीत. सर्वत्र दिसणारा पक्षी कायमचाच राहील, अशी खात्री कोणीं धरूं नये. आपला सोनपाठी सुतार आज दुर्मिळ नाहीं. म्हणूनच त्याची सोय लावण्यास आजची वेळ योग्य आहे.

बागायतदारानें काय करावें

पहिली गोष्ट, पाहणी आश्विन-कार्तिकांत करावी. पाऊस संपल्यावर वाडींतील प्रत्येक मेलेलें व आजारी झाड पाहून काढावयाचीं व ठेवावयाचीं अशा दोन प्रकारच्या खुणा कराव्या. आपल्याकडे ही साफसफाई बहुधा पावसाच्या तोंडावर, चैत्र-वैशाखांत केली जाते. नेमक्या त्याच वेळीं ढोल्यांत अंडीं किंवा पिलें असतात. तेंच काम पौषांत संक्रांतीच्या सुमारास उरकलें, तर पक्षी घर बांधण्यापूर्वींच झाड जातें व किडीचाहि नाश लवकर होतो. महानगरपालिकेच्या हद्दींत झाडें तोडण्यास १९७५ च्या महाराष्ट्र नागरी क्षेत्र वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणें परवानगी लागते. म्हणून अर्जहि दिवाळीच्या सुमारासच करावा हें बरें.

दुसरी गोष्ट, भुंग्यानें मेलेला माड काढावाच. तो नुसता पाडून बांधावर टाकूं नये. खोड चिरून कुजका गाभा जाळावा. पाडून टाकलेला ओंडका हा उभ्या खोडाहून गेंड्यास अधिक सोईचा असतो. शेणखताचा खड्डा वरचेवर उलथून अळ्या वेंचून मारणें हेंहि तितकेंच अगत्याचें आहे.

तिसरी गोष्ट, माडाऐवजीं दुसरें लांकूड राखावें. वाडीच्या कडेस, जेथून पायवाट, विहीर, गोठा व घर दूर आहे अशा ठिकाणीं, आंबा, पांगारा, शिरीष, उंबर यांपैकीं एखाद्या झाडाची जाड वाळकी फांदी किंवा मेलेला बुंधा उभा ठेवावा. त्यानें लागवडीची जमीन अडत नाहीं. तो पडण्यापूर्वीं दुसरा तयार असावा, इतकीच दृष्टि ठेवावी. कारण सुतार बहुधा नव्या हंगामांत नवी ढोली कोरतो व जुनी इतरांस मिळते.

चौथी गोष्ट, तोडावयाच्या झाडांत ढोली आढळली तर थांबावें. बुंध्याशीं ताजा भुसा व लांकडाच्या कपच्या पडल्या असतील, किंवा जोडी आळीपाळीनें आंत-बाहेर करीत असेल, तर घरटें चालू आहे असें समजावें. पांच-सहा आठवडे थांबल्यानें वाडी बुडत नाहीं. तेवढ्या काळांत खतखड्डा व पडके ओंडके साफ करावेत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यानेंहि या पक्ष्यास व त्याच्या अंड्यांस अभय दिलेलें आहे.

पांचवी गोष्ट औषधांची. सोंड्यासाठीं खोडाच्या छिद्रांत औषध ओततांना छिद्र कोणाचें तें पाहावें. लहान, वेडेंवांकडें, तांबूस रस गळणारें भोंक किडीचें. वाटोळें, स्वच्छ, ३ इंच रुंदीचें भोंक पक्ष्याचें. दुसऱ्यांत औषध ओतणें म्हणजे पैसाहि वाया व पिलेंहि वाया. तीं भोंकें माती किंवा सिमेंट घालून बुजवूंहि नयेत.

१७ मे २०२१ रोजीं तौक्ते चक्रीवादळ या किनाऱ्याजवळून गेलें, तें विणीच्या ऐन हंगामांत. अशा वादळानंतर वाडींत मोडके बुंधे राहतात व मजूर मिळतील त्या दिवशीं सर्व सपाट करण्याची घाई होते. त्या घाईंतहि घर, वाट व विजेच्या तारा यांस ज्यांपासून धोका आहे तेवढेच बुंधे आधीं काढावेत, व बाकीचे पाहून मग काढावेत.

वसईची वाडी ही रानाची प्रतिकृति नव्हे. ती माणसानें पाणी देऊन, खत घालून, पिढ्यान्‌पिढ्या खपून उभी केलेली आहे. केळी, माड, फुलें, पानवेल यांच्या उत्पन्नावर संसार चालविणाऱ्या शेतकऱ्यास पक्ष्यासाठीं पीक सोडा असें कोणीं सांगूं नये, व आम्हीहि सांगत नाहीं. मागणें एवढेंच आहे, कीं झाडाचा निकाल लावतांना तें फळ देतें कीं नाहीं हा एकच प्रश्न न विचारतां, त्यांत कोण राहतें हा दुसराहि प्रश्न विचारावा. आणि कुऱ्हाड वैशाखांत न उचलतां पौषांत उचलावी. प्रत्येक वाडीवाल्यानें एक वाळकी फांदी राखली, तर निर्मळपासून कळंबपर्यंत सुताराच्या अनेक पिढ्यांची सोय होईल, आणि त्यासाठीं कोणाचा एक नारळहि कमी होणार नाहीं.